दिवा बाजूला धरावा

गेल्या माघ महिन्यांत माझा पुतण्या चार दिवसांची सवड काढून घरीं आला होता. नागपुरास लग्नामुंजींचीं छायाचित्रें काढण्याचा त्याचा व्यवसाय आहे. ‘चांगला शिकलासवरलेला मुलगा, आणि लोकांच्या पंगतींतून कॅमेरा घेऊन हिंडतो’ हें त्याच्या आजीचें दुःख अद्याप ओसरलेलें नाहीं. परंतु ज्या गोष्टीसाठीं मी आज लिहावयास बसलों आहें ती त्याच्या त्या व्यवसायामुळेंच घडली, हें प्रथमच नमूद करून ठेवतों.

त्याच्या पिशवींतून कॅमेरा निघाला, तिपाई निघाली आणि मुठीएवढ्या डोक्याचे दोन फ्लॅश निघाले. फ्लॅश हा कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवावयाचा असतो एवढेंच मला ठाऊक. त्यानें मात्र कॅमेऱ्यावर आगपेटीएवढी एक डबी बसविली, फ्लॅश ओसरीच्या पलीकडील खांबाआडच्या कोनाड्यांत नेऊन ठेवला, आणि इकडे बटण दाबतांच तिकडे लख्ख उजेड पडला. मध्यें तार नाहीं कीं दोरी नाहीं. घरांतलीं मुलें टाळ्या पिटूं लागलीं. मीं विचारलें, “अरे, कॅमेऱ्यावर दिव्याला जागा असतांना त्याला वनवासाला कां धाडलेंस?”

“काका, दिवा डोळ्याजवळ असला कीं सावली वस्तूच्या मागें दडते. मग नाक कोठें आणि गाल कोठें, हें चित्राला कळतच नाहीं.”

हें उत्तर मला फार लागलें. कां, तें पुढें येईलच.

आपल्या भाषेंत या वस्तूला प्रकाशचित्र आणि छायाचित्र अशीं दोन नांवें आहेत. शाळेंत असतां मी पहिल्या नांवाचा कैवारी होतों. प्रकाशानें उमटतें तें प्रकाशचित्र, असा माझा युक्तिवाद असे. आतां मी पक्ष बदलला आहे. संस्कृतांत छाया म्हणजे केवळ सावली नव्हे. प्रतिबिंब, प्रतिकृति आणि कांति हेहि तिचे अर्थ आहेत. सूर्याचें तेज सोसवेना म्हणून संज्ञा निघून गेली तेव्हां आपल्या जागीं जी आपलीच प्रतिमा ठेवून गेली, तिचें नांव छाया. यासाठीं पुराणांत तरी कशाला जावयास हवें? आमच्याच भंडारा जिल्ह्यांत, वैनगंगेच्या कांठच्या पवनी येथें, रूपिअम्म नांवाच्या एका महाक्षत्रप-कुमाराचा स्मारकस्तंभ सांपडला आहे. इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतला हा खांब. त्यावरील प्राकृत लेखांत त्याला ‘छायाखंभ’ म्हटलें आहे. गेलेल्या माणसाची प्रतिमा धरून उभा असलेला खांब, असा त्याचा अर्थ. कॅमेरा जन्मण्यापूर्वीं सतराअठराशें वर्षें पवनीच्या पाथरवटाला छायाचित्राचें मर्म ठाऊक होतें असें म्हटलें, तर पुतण्या हंसतो, हंसो बापडा.

पवनीचें नांव निघालें म्हणून थोडें सांगतों. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि केंद्राचें पुरातत्त्व खातें यांनीं मिळून तेथें उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पति जोशी यांनीं त्याचा वृत्तांत लिहिला असून तो १९७२ साली विद्यापीठानें प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीच्या पोटांतून बौद्ध स्तूप आणि ब्राह्मी अक्षरें कोरलेले स्तंभ निघाले. त्याच्याहि पूर्वीं म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं पवनीचा भार राजा भगदत्त याचा शिलालेख वाचून प्रसिद्ध केला होता. मिराशींचें नांव आमच्या विदर्भांतील संस्कृतच्या प्रत्येक मास्तराला कुलदैवतासारखें. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा थोर ग्रंथ १९६३ साली निघाला. त्या पिढीचे लोक दगड वाचीत ते मुख्यतः ठशावरून. ओला कागद दगडावर पसरून तो ब्रशानें ठोकीत ठोकीत अक्षरांच्या खांचांत बसवावयाचा, मग वरून शाईचा बोळा फिरवावयाचा. उंच भाग काळा होतो आणि अक्षर पांढरें उठतें. फार उत्तम रीति. पण दगड भुसभुशीत असेल तर ठोकण्यानें त्याचे पापुद्रे सुटतात, आणि हात शिकलेला नसेल तर ठसाहि बिघडतो आणि दगडहि.

माझ्यासारख्या हौशी माणसांनीं तिसराच मार्ग धरला होता. तो म्हणजे खडू.

आमच्या गांवापासून तीन कोसांवर एका खेड्यांत महादेवाचें देऊळ आहे. गाभाऱ्याच्या दारावर गणेशपट्टी, आणि तिच्या खालच्या दगडावर चार ओळींचा देवनागरी लेख. दगड वालुकाश्म, त्यावर वर्षानुवर्षांचे चुन्याचे हात; अक्षरांच्या खांचा अर्ध्याअधिक बुजलेल्या. नोकरीच्या प्रारंभीं मीं तो लेख ‘वाचला’. शके १७११. म्हणजे इ. स. १७८९-९०; नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांची कारकीर्द. गांवांतहि देऊळ भोसल्यांच्या एका सरदारानें बांधलें अशी आख्यायिका होतीच. दोन्ही गोष्टी जुळल्या. दर वर्षीं सहलीला मी मुलांना तेथें नेत असें, आणि एखाद्या उंच मुलाला स्टुलावर चढवून अक्षरांतून खडू फिरवावयास सांगत असें, म्हणजे खालीं उभ्या असलेल्या वर्गाला वाचतां येई. पुढें गांवकऱ्यांनीं देवळाबाहेर इतिहासाचा फलक लावला. त्यावरील मजकूर माझाच. आज ज्यांचीं नातवंडें शाळेंत जातात अशा गृहस्थांना मीं शके १७११ शिकविलेलें आहे.

ओसरीवरचें तें वाक्य ऐकल्यावर माझ्या मनांत आलें तें हें, कीं आपण तो दगड आजवर कोणत्या उजेडांत पाहिला? मंडप फक्त डाव्या बाजूस उघडा. तेव्हां दिवसाचा उजेड नेहमीं डावीकडूनच. आणि दोन-चार वेळां बॅटरी नेली होती ती, सर्वच लोक धरतात तशी, कपाळाजवळ धरून समोरून मारली होती. पुतण्यानें सांगितलेला कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा दोष तो हाच.

दुसऱ्या दिवशीं आम्ही निघालों. बरोबर माझा नातूहि होता.

येथें या दिव्याची थोडी हकीकत दिली पाहिजे. छायाचित्रासाठीं कृत्रिम उजेड पाडण्याची युक्ति दीडशें वर्षांहून जुनी आहे. १८६० च्या दशकांत इंग्लंडांत आल्फ्रेड ब्रदर्स यानें मॅग्नेशियमची फीत जाळून भूमिगत गुहेचें चित्र घेतलें. १८८७ साली जर्मनींत मीटे आणि गेडिके यांनीं मॅग्नेशियमच्या भुकटीची दारू केली. तिनें उजेड डोळे दिपविणारा पडे, आणि कधीं कधीं छायाचित्रकाराच्या भुंवयाहि जळत. १९३० च्या सुमारास एकदांच पेटून संपणारे काचेचे गोळे आले. त्याच सुमारास अमेरिकेंत हॅरॉल्ड एजर्टन यानें वायूनें भरलेल्या नळींतून विजेचा लोट क्षणांत सोडण्याची कृति साधली. आजचा फ्लॅश तिचाच वंशज. त्याचा उजेड पूर्ण जोरांत सुमारें एक हजारांश सेकंद टिकतो, कमी जोरांत त्याहूनहि फार कमी. आपण ‘डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच’ म्हणतों तो काळ याच्यापुढें प्रहरासारखा.

दूरच्या फ्लॅशला ‘आतां’ हें कसें कळवावयाचें, हा खरा प्रश्न. पूर्वीं तार असे. मांडवांत पाहुण्यांचे पाय तींत अडकत. मग दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून स्वतः उडणारे फ्लॅश आले. यांचा दोष असा कीं कोणा मामांनीं आपल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडविला, तरी हेहि आज्ञाधारकपणें उडत, आणि नेमक्या मंगलाष्टकांच्या वेळीं रिकामे पडत. अवरक्त किरणांनीं सांगणारे आले, त्यांस खांब आडवा आला कीं ऐकूं येत नाहीं आणि भर उन्हांत तर मुळींच नाहीं. आतां जी डबी पुतण्यानें कॅमेऱ्यावर बसविली ती रेडिओलहरींनीं बोलते. घरांतील वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतें तोच हिचाहि पट्टा. त्यामुळें खांब, पडदा, माणसें यांची तिला फारशी अडचण नाहीं. शेजारच्या कार्यालयांत दुसरा छायाचित्रकार असेल आणि दोघांचीं यंत्रें एकाच जातीचीं असतील तर एकाच्या बटणानें दुसऱ्याचा दिवा उडूं नये, म्हणून तींत निरनिराळे क्रमांक लावून ठेवण्याची सोय असते.

कॅमेऱ्याच्या झडपेचीहि एक खोड संभाळावी लागते. तिला दोन पडदे असतात. एक उघडत जातो, दुसरा मागून मिटत येतो. वेग सेकंदाच्या दोनशेंवा किंवा अडीचशेंवा भाग याहून अधिक ठेवला, तर पहिला पडदा पोंचण्यापूर्वींच दुसरा निघतो. मध्यें फट तेवढी उघडी राहते, आणि फ्लॅश त्या क्षणीं उडाल्यानें चित्राचा उरलेला भाग काळा राहतो. पुतण्यानें वेग दोनशेंवर ठेवला आणि आंत येणारें छिद्र बारीक केलें. गंमत अशी कीं एवढ्यानें मंडपांतला दिवसाचा उजेड कॅमेऱ्यापुरता मावळला. आम्ही भर दुपारीं उभे, आणि पडद्यावर रात्र. त्या रात्रींत उजेड एकच, आमचा. आणि तो पाहिजे त्या दिशेनें आणतां येत होता.

घरच्या कार्यासाठीं याचा उपयोग गृहिणींनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. जुन्या आल्बमांतील फ्लॅशचीं चित्रें काढून पाहा. चेहरे पिठासारखे, चष्म्यांत दोन पांढरे ठिपके, आणि प्रत्येकाच्या मागें भिंतीला चिकटलेलें एक काळें भूत. मुंजीच्या बटूच्या डोक्याचा गोटा तर चुन्याच्या गोळ्यासारखा दिसतो. तोच फ्लॅश चार हात बाजूला, उंचावर ठेवला, किंवा पांढऱ्या भिंतीकडे अथवा छताकडे वळवून परतवून घेतला, म्हणजे पैठणीचे काठ, नथीचे मोती आणि आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या या सर्व आपापल्या जागीं दिसतात. (सुरकुत्यांबद्दल आमच्या घरीं मतभेद झाला.) अंतर दुप्पट केलें तर उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो, एवढा हिशेब ठेवावा.

देवळांत हाच हिशेब उपयोगी पडला. प्रारंभीं मीं फ्लॅश दगडाच्या कडेपासून तीन फुटांवर धरला. दगड तीन फूट लांब. म्हणजे दूरची कड सहा फुटांवर, आणि तेथें उजेड जवळच्या कडेच्या चौथाई. एक बाजू पांढरी फटफटीत, दुसरी अंधारी. पुतण्यानें मला बारा फुटांवर हांकलें. आतां दूरची कड पंधरा फुटांवर, आणि उजेड दोन-तृतीयांशाच्या आसपास. दगड सारखा उजळला. प्रकाश दगडाच्या अंगाला जवळजवळ घांसून जाईल असा तिरपा ठेवला. चुन्याखालीं दडलेली प्रत्येक खांच काळी होऊन वर आली.

तरी आंकडा १७११ च. मला, खरें सांगतों, हायसें वाटलें.

“काका, आतां वरून,” पुतण्या म्हणाला. त्यानें फ्लॅश वेळूच्या काठीला बांधला आणि नातवाला स्टुलावर चढवून ती काठी छताकडे धरावयास लाविली. बटण दाबलें. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मीं चष्मा सरसावून पाहिलें. सर्व अक्षरांना शिरोरेखा आल्या होत्या! आजवर त्या मला कधीं धड दिसल्या नव्हत्या. आणि तिसरा आंकडा एक नव्हता, नऊ होता. शके १७९१.

कारण अगदीं साधें आहे. उजेड ज्या दिशेनें येतो त्याच दिशेनें गेलेल्या खांचेंत सावली पडत नाहीं. आडव्या पडलेल्या खांचेंतच पडते. डावीकडून उजेड आला कीं काने आणि दंड उठून दिसतात, आडव्या रेघा मात्र बुडतात. या दगडावरील एकाचा आणि नवाचा देह जवळजवळ सारखा. फरक एका लहानशा आडव्या वळणाचा. तें वळण मंडपाच्या उजेडाशीं समांतर होतें. मंडप आपली जागा बदलीत नाहीं. तेव्हां नोकरीचीं सारीं वर्षें मी त्याच एका दिशेनें पाहत राहिलों. आणि जें दिसलें त्यावर मुलांकडून खडू फिरवून घेतला. खडूनें अक्षर स्पष्ट होतें, पण तें दगडावरचें नव्हे, आपल्या मनांतलें.

याहून मोठा प्रमाद पुढेंच आहे. शकाच्या शेजारीं संवत्सराचें नांव होतें. त्यांतला एक उभा दंड तेवढा मला दिसे. मीं गणित केलें होतें. शकांत बारा मिळवून साठांनीं भागावें. बाकी उरेल तितक्यावा संवत्सर प्रभवापासून मोजावा, ही रीति पंचांग ठेवणाऱ्या घरांत ठाऊक असतेच. १७११ आणि १२ मिळून १७२३, बाकी ४३, त्रेचाळिसावा सौम्य. तेव्हां तें अक्षर ‘सौ’ असलेंच पाहिजे, असें ठरवून मीं मुलांना ‘सौम्यनाम संवत्सरे’ म्हणून दाखविलें. ज्या साक्षीदारानें माझी चूक पकडावयाची त्याच्याच तोंडांत मीं उत्तर घातलें. आतां वरच्या उजेडांत अक्षरें आलीं तीं ‘शु’ आणि ‘क्ल’. १७९१ आणि १२ मिळून १८०३, बाकी ३, प्रभव, विभव, शुक्ल. इ. स. १८६९-७०. नागपूरचें राज्य खालसा होऊन पंधरा वर्षें उलटून गेलेलीं.

माझी समजूत पटेना, म्हणून पुतण्यानें आणखी एक प्रयोग केला. २००१ साली अमेरिकेंतील टॉम माल्झबेंडर आणि त्यांचे सहकारी यांनीं ही रीति काढली. कॅमेरा तिपाईवर अचल ठेवून, निरनिराळ्या दिशांनीं उजेड पाडून एकाच वस्तूचीं अनेक चित्रें घ्यावयाचीं. मग संगणक तीं एकत्र करून देतो, आणि पडद्यावर आपण उजेडाची दिशा बोटानें फिरवूं शकतों. ग्रीसमधील अँटिकिथेरा येथें समुद्रांत सांपडलेल्या प्राचीन ज्योतिषयंत्रावरचीं झिजलेलीं अक्षरें वाचण्यास २००५ साली हिचाच उपयोग केला गेला. मोठ्या संस्था यासाठीं दिव्यांचा घुमट वापरतात. आमच्याजवळ एक फ्लॅश, एक सुतळी आणि नातवाची काळी कांचेची गोटी. गोटी काठीला मेणानें चिकटवून दगडाशेजारीं उभी केली. तिच्यावरील चमकेचा ठिपका पाहून उजेड कोठून आला तें संगणक ओळखतो. सुतळी अशासाठीं कीं दर वेळीं फ्लॅशचें अंतर सारखें राहावें. तिचें एक टोंक दगडाजवळ धरून उभें राहणें, चित्र काढतेवेळीं तें बाजूला घेणें, हें काम माझ्याकडे. छत्तीस चित्रें घेतलीं. रात्रीं घरीं मी स्वतः उजेड फिरवून पाहिला. डावीकडे नेला कीं एक, वर नेला कीं नऊ. पुन्हा डावीकडे, पुन्हा वर. असा मी पुष्कळ वेळ बसलों होतों.

हातांत साधी बॅटरी असली तरी डोळ्यापुरतें हें काम होतें, हें पुतण्यानेंच प्रांजळपणें कबूल केलें. संध्याकाळीं अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या अंगाला लावून चहूंकडून फिरवावी. फ्लॅशचा अधिक गुण इतकाच कीं तो दिवसाच्या उजेडाला जिंकतो, दुरून सारखा पडतो आणि पुरावा मागें ठेवतो. उघड्या दगडाला त्यापासून अपाय नाहीं. रंगीत भित्तिचित्रांची गोष्ट वेगळी; अजिंठ्यास लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे ती पाळलीच पाहिजे, आणि कोणत्याहि संरक्षित स्मारकांत तिपाई लावण्यापूर्वीं खात्याची परवानगी काढावी. खडू, तेल, शेंदूर, पाणी यांपैकीं कांहींहि अक्षरांना लावूं नये. मीं लावलेलें आहे, म्हणून सांगतों.

लेखाच्या तिसऱ्या ओळींत देऊळ बांधविणाराचें नांव निघालें. सरदार नव्हे, गांवांतील एक विधवा स्त्री. आपले दागिने मोडून तिनें हें काम केलें असें तेथें स्वच्छ म्हटलें आहे. तिच्या सासरचें घराणें अद्याप त्याच परिसरांत नांदत असल्यामुळें येथें तिचें नांव देत नाहीं.

महाशिवरात्रीस देवळांत गांव जमतें. मीं उठून चूक सांगितली. फलक लिहिला तेव्हां मला शाल आणि नारळ दिला होता, त्याच पायरीवर उभा राहून सांगितली. कांहीं वृद्धांस राग आला. “मास्तर, तुम्ही आमच्या देवळाचीं ऐंशीं वर्षें कमी केलींत,” असें एक जण म्हणाले. आणि ते माझे विद्यार्थी होते. सरदार गेला याचें दुःख त्यांना वर्षांहून अधिक झालें असावें. बायकांच्या बाजूला मात्र कुजबूज निराळी होती. एक आजीबाई पुढें आल्या आणि त्या बाईचें नांव मला दोनदां उच्चारावयास लावून गेल्या.

फलक अद्याप बदललेला नाहीं. रंगाऱ्यानें मजकूर मागितला आहे. पहिल्या तीन ओळी मीं लिहून दिल्या. चौथ्या ओळींत बहुधा पाथरवटाचें नांव असावें, परंतु तेथें दगडाचा टवका उडाला असून दोन अक्षरें कोणत्याच उजेडांत लागत नाहींत. पुतण्या चैत्रांत पुन्हा येणार आहे. तोंवर ती जागा कोरी ठेवावयास सांगितलें आहे.